शून्य तूट

आमच्या दुकानात विकायला दागिने नाहीत, हे पहिल्यांदा येणाऱ्याला सांगावं लागतं. काचेच्या कपाटात फक्त नमुने आहेत. बाळाच्या पावलाचा ठसा असलेलं एक पदक, कुणाच्या आजोबांची सही असलेलं एक, शाळेच्या पाटीवरच्या वाकड्यातिकड्या अक्षरांचं एक. लोक घरातली जुनी चांदी घेऊन येतात आणि आम्ही त्याच चांदीची आठवणीची वस्तू करून देतो. दुकान काशीदच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, त्यातलं कुणी पाणी मागायला थांबतं आणि पाटी वाचून आत येतं. पण आमचं खरं गिऱ्हाईक आतल्या गावांतलं, नाहीतर फोनवरचं.

हे काम सुचलं बायकोला. माझे वडील, म्हणजे अण्णा, याच जागेवर चाळीस वर्षं जोडवी, वाळे आणि पैंजण घडवत होते. मग बाजारात यंत्रावरचा माल आला, पाहिजे त्या नक्षीत, आणि अण्णांच्या हातोडीला काम उरलं नाही. मी तेव्हा एका कारखान्यात वजनकाट्यावर होतो. ट्रक आला, वजन घेतलं, लिहिलं, सही केली, अशी अठरा वर्षं गेली. बायकोनं तिच्या वडिलांच्या शेवटच्या पत्रावरची सही चांदीच्या पत्र्यावर उतरवून घेतली आणि ते पदक गळ्यात घालून ती लग्नाकार्यात जाऊ लागली. बायका विचारायला लागल्या. वर्षभरात मी नोकरी सोडली. ठसे घेणं, ते संगणकावर साफ करणं आणि लेझर मशीनवर कोरणं हे तिचं काम. वितळवणं, पत्रा काढणं आणि वजन हे माझं.

नियमही माझेच. भिंतीवर मी स्वतः लिहिलं आहे : ‘तुमचीच चांदी, तुमच्याच वस्तूत.’ एका गिऱ्हाइकाला एक मूस, म्हणजे चांदी वितळवायची मातीची वाटी. ती मूस दुसऱ्याच्या चांदीला वापरायची नाही. पदकाला वर कडीसुद्धा आम्ही जोडत नाही, कारण जोडायला डाक लागतो आणि डाकात परका धातू असतो. सरळ भोक पाडतो. चांदी आली की गिऱ्हाइकासमोर वजन, वितळल्यावर वजन, वस्तू झाल्यावर वजन. तिन्ही आकडे वहीत आणि तेच चिठ्ठीवर. वितळताना चांदी घटतेच. जुन्या दागिन्यात मळ असतो, जुना डाक असतो, थोडं मुशीला चिकटतं. शंभर ग्रॅमला एक ते दीड ग्रॅम तूट धरायची. ती मी लिहून देतो. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर समजावतो. नाही पटलं तर चांदी परत.

अण्णा मला काटेवाला म्हणतात. ‘ट्रकवाल्यांना द्यायचास तशा चिठ्ठ्या बायकांना देतोस,’ असं त्यांचं म्हणणं. मी ते मनावर घेत नाही. नियमांमुळे धंदा उभा राहिला, हे मला माहीत आहे.

गेल्या कापणीच्या दिवसांत एक बाई आल्या. आतल्या भातशेतीच्या गावातल्या, चाळिशीच्या. पदराला पेंढ्याची काडी लागलेली होती. पिशवीतून रुमाल, रुमालातून पैंजणांचा जोड आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं वहीचं एक पान काढलं.

“शेट, हे आईचं. आई गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. दोन पैंजण हाईत आणि आम्ही बहिणी तीन. आता वाटा कसं वाटायचं ते.”

“भांडण आहे का?” मी सरळ विचारलं. या कामात हे विचारलेलं बरं असतं.

“भांडण म्हणजे काय, बोलणंच बंद हाय. मधली बोलते, आईचं शेवटचं सगळं मी काढलं, मला एक पायजे. धाकटी बोलते, मला तर आईनं तोंडानं सांगितलं व्हतं. मी थोरली. पैंजण माझ्याकडं, म्हणून दोघींना वाटतं मीच दाबून बसलेय.” त्यांनी पान पुढं सरकवलं. “आईला सही येत न्हवती. बचत गटाच्या वहीत अंगठा द्यायची, तो पण तोंड फिरवून. लाज वाटायची तिला. तर हा अंगठा तिघींना काढून द्या. तिघींना सारखं. आणि आईचंच पायजे बरं का. दुसरं काय मिसळलं तर मधली मला जिवंत ठेवायची न्हाय.”

बायकोनं पान खिडकीपाशी धरलं. निळ्या शाईतला ठसा होता, रेघन् रेघ सुटी. “ताई, तोंड फिरवून दिला असला तरी अंगठा नीट दाबलाय हो आईंनी,” ती म्हणाली. बाई हसल्या आणि लगेच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

घुंगरं कापून वेगळी केली, ती त्यांना परत दिली. मग वजन. पहिलं पैंजण २९.८६० ग्रॅम, दुसरं २९.७४०. बाईंनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले आणि चिठ्ठी पोलक्यात ठेवली.

त्या महिन्यात माझा उजवा खांदा आखडला होता. तापलेली मूस चिमट्यात धरून ओतायची म्हणजे हात थरथरून चालत नाही. म्हणून मुशीवर अण्णा बसत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण ओतताना थेंब सांडत नाही. मला उलट बरं वाटत होतं. चारपाच वर्षं ते नुसते ओट्यावर बसून रस्ता बघत होते.

आमची मूस लहान, त्यामुळे एका वेळी एकच पैंजण वितळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पहिलं वितळवलं, लगड काढली आणि जेवून आडवे झाले. मी दुपारी वहीत आकडा घालायला बसलो. लगडीखाली अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी होती : २९.८६०.

मला वाटलं, त्यांनी चुकून आधीचं वजन उतरवलं. लगड काट्यावर ठेवली. २९.८६०. पंखा बंद केला, पुन्हा ठेवली. तेच. काटा तपासायचं शंभर ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं, काटा बरोबर होता.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटेल, तूट आली नाही हे चांगलंच झालं. पण तीस वर्षं पायात घातलेलं, चार ठिकाणी डाक लावून दुरुस्त केलेलं पैंजण एक मिलीग्रॅमसुद्धा न घटता वितळत नाही. मी वहीची मागची पानं उलटली. अण्णा मुशीवर बसल्यापासून याआधी दोन वितळणं झाली होती. ते आकडे मी घाईत उतरवले होते, बघितले नव्हते. दोन्हींची तूट शून्य. ट्रकांच्या काट्यावर असं दिसलं असतं तर मी त्याच मिनिटाला गेट बंद करायला लावलं असतं.

अण्णा चारला उठले. चहा झाल्यावर मी विचारलं.

“अण्णा, पैंजणाची तूट किती आली?”

“लिहिलंय ना.”

“तूट नाही लिहिलीत. आणलं तेवढंच लिहिलंय.”

“मग आणलं तेवढंच आहे. मोजून घे, काटेवाल्या.”

“मोजलं. म्हणूनच विचारतोय.”

त्यांनी कप खाली ठेवला. “भरली मी.”

“कशातून?”

त्यांनी मानेनं फळीकडे दाखवलं. तिथं त्यांचा पत्र्याचा डबा असतो. चाळीस वर्षांचा चांदीचा कीस, कातरण, तुटक्या कड्या, सगळी त्यांची स्वतःची. “एकोणतीस चारशे नव्वद आली होती. तीनशे सत्तर मिली डब्यातली घातली आणि परत वितळवली. माझ्या पदरची घातली. तिची काढली का?”

“काढली नाही. पण भिंतीवर काय लिहिलंय?”

“भिंतीवर तू लिहिलंयस. मी या जागेवर बसत होतो तेव्हा भिंतीवर काही नव्हतं. बाईनं आणलं तेवढं बाईच्या हातात पडलं पाहिजे, एवढंच होतं. कमी भरलं की सोनारानं खाल्लं, दुसरं काही कुणी म्हणत नाही. चाळीस वर्षांत एक बाई कमी म्हणाली नाही. तू आलास आणि चिठ्ठीवर कमी लिहून द्यायला लागलास. मी ओट्यावर बसून ऐकायचो. बायका चिठ्ठी वाचत बाहेर पडायच्या. मान वर होत नव्हती माझी.”

हे ते चारपाच वर्षांत कधी बोलले नव्हते. ज्या चिठ्ठीचा मला अभिमान होता, ती त्यांच्या दृष्टीनं आमच्या घराची बदनामी होती. मला ते समजलं. तरीही लगडीत तीनशे सत्तर मिली परकी चांदी होती आणि ती आता कुणालाच वेगळी काढता येणार नव्हती.

“तिला सांगावं लागेल,” मी म्हणालो.

“सांग. सोनारानं चांदी मिसळली, याचा लोक एकच अर्थ लावतात. माझी घातली होती हे गावात पोचेपर्यंत गळून जाईल. तुला सांगायचंच असेल तर मी गेल्यावर सांग.”

“बाईंच्या आईचं वर्ष पुढच्या महिन्यात आहे अण्णा.”

बायको दारात उभी होती. “तुम्ही दोघंही खरं बोलताय, म्हणून हे मिटत नाहीये,” ती म्हणाली. “अहो, दुसरं पैंजण अजून आहे ना तसंच?”

होतं. मी पेन्सिल घेतली. २९.७४०. चारशे मिलीच्या आसपास तूट धरली, पत्रा कापताना निघणारं कातरण धरलं, तरी साडेआठ ग्रॅमची तीन पदकं बसत होती. ठरली होती त्याच्या निम्म्या वजनाची, पण अंगठ्याला जाडी लागत नाही. मी आकडा अण्णांपुढं धरला. त्यांनी तो पाहिला आणि पाठ फिरवून चपला घातल्या.

बाईंना मी फोनवर काही सांगितलं नाही, या एवढंच म्हणालो. सकाळच्या एसटीनं त्या आल्या. माझं तोंड पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

“हरवलं काय?”

“नाही. बसा ताई.” मी लगड आणि उरलेलं पैंजण समोर ठेवलं. “या लगडीत तीनशे सत्तर मिली चांदी आमची मिसळली गेली आहे. चिमटीत मावेल एवढी. वेगळी काढता येत नाही. चूक आमची आहे.”

त्यांनी लगड उचलली, उलटी केली, जणू ती चांदी कुठंतरी दिसेल. मी पुढं बोलणार तेवढ्यात आतून अण्णा आले. अंगात धुतलेला सदरा होता.

“आमची म्हणजे माझी. मी घातली,” ते म्हणाले. “वजन कमी आलं होतं, ते भरलं.”

“वरून घातली? पदरची?”

“हो.”

“आबा, लोक काढून घेतात, तुम्ही घालता. आणि चेहरा असा करून बसलात की मला वाटलं दुकानच लुटलं.” त्या हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. लगड खाली ठेवून म्हणाल्या, “मला चालंल हो. पण मधलीला कसं सांगू? ती बोलंल, थोरल्या बायनं मधे काहीतरी केलंच. मग वर्षाला पण यायची न्हाय ती.”

मी दुसऱ्या पैंजणाचा हिशेब समजावला. पातळ होतील, पण पूर्ण आईचीच होतील. आणि तूट येईल, ती येणारच.

“पातळ होऊ द्यात, आई पण पातळच व्हती. कमी झालेलं चालंल. दुसरं न्हाय चालणार. पण एक करा, माझ्यासमोर वितळवा. मला शपथ घेता आली पायजे.”

माझ्या खांद्यात चिमटा धरायची ताकद नव्हती. मी अण्णांकडे पाहिलं. ते मागे शेगडीकडे गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागे. त्यांनी नवी मूस घेतली, ती बाईंना आतून दाखवली, पैंजणाचे तुकडे केले. मग शेगडी पेटवण्याआधी फळीवरचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

“हा घरात ठेवून ये.”

मी ठेवून आलो. लगड झाली, निवाली, काट्यावर गेली. २९.३३०. अण्णांचा हात सवयीनं फळीकडे गेला, रिकाम्या जागेवर टेकला आणि खाली आला. आकडा बाईंनीच वाचला.

पदकं तयार झाली. ती वर्षाच्या दोन दिवस आधी न्यायची होती. बाई एकट्या आल्या नाहीत. मधली हरिहरेश्वरकडून सकाळीच निघाली होती, धाकटी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरून आली होती. तिघी एका बाकावर बसल्या, पण मध्ये पिशव्या ठेवून.

मी एकेक पदक काट्यावर ठेवलं. ८.६००. ८.६००. ८.६००. तिसऱ्यालाही मधली काट्यावर वाकली होती.

“पैंजण किती व्हतं?” तिनं विचारलं.

“एकोणतीस सातशे चाळीस.”

“तिन्हींचे पंचवीस आठशे. मग बाकीचं?” हिशेबाला ती चांगलीच होती. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या हातात होती, पण अण्णांनी ती घेतली. कातरणाची पुडी त्यांनी स्वतः मधलीच्या ओंजळीत ठेवली.

“यात तीन ग्रॅम चारशे मिली. आणि पाचशे चाळीस मिली कमी आहे, बाय.”

“कमी कशी?”

“थोडी घासण्यात गेली, बाकीची जळली. जुना डाक होता. मळ होता. तुझी आई बांधावरून चालली, चिखलात लावणीला उभी राहिली, ते पैंजणाच्या सांध्यांत बसलं होतं. ते तूही धुऊन काढू शकली नसतीस. ते गेलं.”

 पुडी मुठीत धरून मधलीनं पदकावरच्या रेघांवर आपला अंगठा ठेवला. धाकटीनंही ठेवला. “आईचा केवढा मोठा होता,” ती म्हणाली.

“भाकऱ्या थापून,” मधली म्हणाली. ती धाकटीशी बोलली होती.

मिसळलेली लगड मी चिठ्ठीसकट समोर ठेवली आणि तिच्यातली किती आमची तेही सांगितलं. मधलीनं ती हातात तोलली. “मग आबा, तुमची कापून घ्या की यातली.”

“कुठून कापू? सगळीकडं आहे ती.”

“आईला भाजीवाल्यानं वर एक जुडी टाकली तर ती काय परत देत न्हवती,” थोरली म्हणाली. तिघी हसल्या. लगड धाकटीच्या पिशवीत गेली. पुढं तिचं काय करायचं ते त्या वाटेत ठरवणार होत्या. एसटीला वेळ होता, तरी तिघी एकदमच उठल्या.

आधीच्या दोन गिऱ्हाइकांनाही मी फोन करून सांगितलं. एक शिक्षक हसले आणि राहू द्या म्हणाले. दुसऱ्या बाई रागावल्या, आणि ते त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या न वितळवता उरलेल्या चांदीतून मी नवीन पदक करून दिलं. गावात काही बोललं गेलं असेल तर माझ्या कानावर आलेलं नाही. कामं पूर्वीइतकीच येतात. डबा आता घरात देवाच्या कपाटाखाली असतो. माझा खांदा सुटला आहे, पण मुशीवर अण्णाच बसतात.

त्या दिवशी बहिणी गेल्यावर मी वही उघडली. अण्णांनी पेन मागितलं. तुटीच्या रकान्यात त्यांनी सावकाश ०.५४० लिहिलं, चष्मा काढला आणि वही माझ्याकडे सरकवली.

“बघ, बरोबर आहे का.”

मी तिन्ही पदकं, कातरण आणि तूट यांची बेरीज केली. एकोणतीस सातशे चाळीस. बरोबर होतं.